दादाच्या भट्टीतलं क्वांटम

पत्र

सर,

मी राजारामपुरीत राहते, बँकेत नोकरी करते. माहेर गावातच, शाहूपुरीला. दादा माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. शिरोली एमआयडीसीत त्याची लहानशी फौंड्री, म्हणजे लोखंड ओतकामाचा कारखाना आहे, बाबांनी सुरू केलेला. गेल्या वर्षी बाबा कॅन्सरने गेले आणि त्याच वर्षात दोन मोठ्या पार्ट्यांनी ऑर्डरी काढून घेतल्या. दादा पार खचला. तेव्हा एका मित्राने त्याला हॉटेलात भरलेल्या एका 'क्वांटम' शिबिराला नेलं. तीन दिवसांचे २८ हजार. तिथून आल्यापासून तो पहाटे उठतो, ध्यान करतो, चिडचिड कमी झाली आहे, हे मी मान्य करते. पण घरात आता दुसरी भाषाच नाही. 'पाहणाऱ्यामुळे वास्तव घडतं', 'सगळं कंपन आहे', 'श्रॉडिंजरने हे उपनिषदांतूनच घेतलं'. पुढच्या पायरीचे सव्वा लाख हप्त्यावर भरायचं चाललंय.

दोन गोष्टी फार लागल्या. शिबिरातल्या गुरूंनी त्याला सांगितलं, की तुमच्या वडिलांची फ्रिक्वेन्सी खाली गेली म्हणून आजार आला. आणि आईला (वय ६८, बारा वर्षांचा मधुमेह) दादाने पटवलंय की रोज गोळी घेणं म्हणजे रोज आजाराकडे बघत बसणं. तीन आठवडे झाले, आईने गोळ्या बंद केल्यात. ती अंबाबाईची भक्त. तिला वाटतं, आपण म्हणत होतो तेच आता शास्त्रज्ञ म्हणायला लागले. मी काही बोलले की दादा म्हणतो, तू निगेटिव्ह ऑब्झर्व्हर आहेस. वहिनी मधल्या मध्ये भरडली जाते. हे खरंच विज्ञानात आहे का? आणि आईची श्रद्धा न दुखावता मी काय करू?

— एक बहीण, कोल्हापूर

उत्तर

ताई,

आधी गोळी, मग क्वांटम. तुमचं पत्र आलं त्याच दिवशी दोन ओळी मी तुम्हाला कळवल्या होत्या, त्या इथे सगळ्यांसाठी पुन्हा लिहितो. आईंना डॉक्टरांकडे न्या आणि गोळ्या बंद केल्याचं सरळ सांगा. लपवलं तर डॉक्टरांना वाटेल की गोळी चालू असूनही साखर वाढली, आणि ते डोस वाढवून बसतील. घरच्या घरी जुन्या गोळ्या पुन्हा सुरू करू नका, किती आणि कोणत्या ते डॉक्टरांना ठरवू दे. उपाशीपोटीची आणि जेवणानंतरची साखर तर बघाच, पण एचबीएवनसी नावाची तपासणीही करा. रक्तातली साखर तांबड्या पेशींमधल्या हिमोग्लोबिनला चिकटते, आणि तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते, म्हणून त्या एका आकड्यात मागच्या दोन-तीन महिन्यांचा हिशेब असतो. घरातल्या वादात हा आकडा कुणाच्याच बाजूचा नसतो, म्हणून तो हाताशी असलेला बरा. मध्येच आईंना फार तहान लागायला लागली, लघवीला सारखं जावं लागलं, उलट्या झाल्या, गुंगी आली किंवा त्या असंबद्ध बोलायला लागल्या, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. तेव्हा दादांची परवानगी विचारत बसू नका.

आईंना हे सांगताना 'दादा चुकला' असं म्हणू नका. एवढंच विचारा, की बारा वर्षं तुम्ही सकाळी गोळीही घेतलीत आणि जपही केलात, त्यात अंबाबाईने कधी मना केलं का?

आता वडिलांबद्दलच्या त्या वाक्याविषयी. मी ३१ वर्षं ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवलं, सहसा मला राग येत नाही, पण ते वाचून आला. कॅन्सर होतो तो पेशींच्या जनुकांत बिघाड साचत गेल्याने. त्याला वय कारण होतं, तंबाखू होते, काही विषाणू होतात, कधी कधी तर निव्वळ दुर्दैव. माणूस उदास होता म्हणून त्याला गाठ आली, असं बाप गेलेल्या मुलाला सांगणं म्हणजे जखमेवर तिखट चोळून त्याची फी घेणं आहे. या विचारपद्धतीची ही बाजू पत्रकावर छापलेली नसते. चांगलं झालं की श्रेय तंत्राला, वाईट झालं की दोष तुमच्या कंपनाला.

आणि इथेच मला तुमचे दादा थोडे समजले असं वाटतं. बाबा फ्रिक्वेन्सी घसरल्याने गेले, हे एकदा मनात रुतलं की आईची ती घसरू नये म्हणून माणूस काहीही करील. गोळीचं पाकीट दिसलं तरी त्यांना आजार दिसत असणार. त्यांनी बेफिकिरीने गोळी बंद केली नाही, भीतीने केली. तुम्ही भांडता तेव्हा त्यांच्या लेखी तुम्ही आईला संकटात लोटत असता. म्हणून शब्दाला शब्द लागतो.

मग त्यांच्याशी बोलायचं कशावरून? मी असतो तर उपनिषदांवरून सुरुवात केली नसती. भट्टीवरून केली असती.

क्वांटमचा जन्म भट्टीच्या प्रश्नातूनच झालाय. तापवलेली वस्तू आधी लाल, मग नारिंगी, मग पिवळसर-पांढरी दिसते. किती तापमानाला कोणता रंग किती निघतो, हे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जर्मनीत काटेकोर मोजणं चाललं होतं. बंद पोकळी तापवायची आणि बारीक छिद्रातून येणारा प्रकाश मोजायचा. जुन्या नियमांनी हिशेब केला की उत्तर भलतंच यायचं. त्या हिशेबाप्रमाणे भट्टीचं झाकण उघडलं की अतिनील किरणांचा अमर्याद लोंढा अंगावर यायला हवा. तसं होत नाही, हे शिरोलीतला कुठलाही कामगार सांगेल. डिसेंबर १९०० मध्ये मॅक्स प्लांकने हिशेब जुळवायला एक गोष्ट गृहीत धरली: ऊर्जेची देवघेव सलग धारेने होत नाही, ठरावीक मापांत होते. काकवी हवी तेवढी ओतता येते, पण गुळाची ढेप घेतली तर एक, दोन, तीन. पावणेदोन ढेपा कुणी देत नाही. ही जी ढेप, ती क्वांटम. शब्दाचा मूळ अर्थही 'किती' एवढाच. चौदाशे-पंधराशे अंशांचा लोखंडाचा रस भट्टीतून काढताना दादा त्याच्या प्रकाशावरून तापमान सांगणारा पायरोमीटर धरत असतील, तर त्या उपकरणाच्या पोटात प्लांकचाच नियम आहे.

त्याहून सरस उदाहरण स्पेक्ट्रोचं, म्हणजे धातूत काय किती आहे ते सांगणाऱ्या मशीनचं. प्रत्येक हीटला, म्हणजे भट्टीच्या प्रत्येक घाण्याला, दादा रसाचा नमुना घेत असणार, आणि तो स्वतःच्या नाहीतर बाहेरच्या लॅबमध्ये स्पेक्ट्रोवर लावत असणार. मशीन नमुन्यावर ठिणगी पाडतं. लोखंड, कार्बन, सिलिकॉन, मँगेनीज, गंधक यांचे अणू त्या ठिणगीत चेततात आणि परत शांत होताना प्रकाश सोडतात. अणूतल्या इलेक्ट्रॉनला उभं राहायला ठरावीक पायऱ्याच आहेत, दोन पायऱ्यांच्या मध्ये जागा नाही. त्यामुळे प्रत्येक मूलद्रव्याचा प्रकाश ठरावीक रेषांतच येतो, अंगठ्याच्या ठशासारखा. त्या रेषांच्या तेजावरून मशीन टक्केवारी छापतं. हे शंभर टक्के क्वांटम आहे, आणि तुमचे दादा रोज ते वापरून पोट भरतात.

घरी बघायचं असेल तर मीठ घातलेल्या भाताचं पाणी उतू जाऊन शेगडीवर सांडू द्या. निळी ज्योत पिवळी होते. मिठातल्या सोडियमचा इलेक्ट्रॉन एक पायरी उतरताना ५८९ नॅनोमीटरच्या आसपासचा पिवळा प्रकाश सोडतो. स्वयंपाक कुणी केला, मनात काय होतं, याने तो हिरवा होत नाही.

आता दादांना हे विचारा, आणि खवचटपणे नको, खरंच कुतूहलाने विचारा. कार्बन ३.२ आला आणि पार्टीला ३.४ हवा असला तर तुम्ही काय करता? डोळे मिटून ३.४ बघता, की भट्टीत कार्बन टाकून पुन्हा नमुना घेता? बाबांनी काय शिकवलं होतं? भट्टीसमोर उभा असलेला तुमचा दादा क्वांटमचा उत्तम विद्यार्थी आहे. हॉटेलच्या हॉलमध्ये गेल्यावर मात्र तो ते विसरतो.

यावर ते म्हणतील, की निरीक्षकाचं काय, ते तर प्रयोगाने सिद्ध आहे. प्रयोग खरा आहे आणि विलक्षणही आहे, तेव्हा तो उडवून लावू नका. दोन बारीक फटींसमोर एकामागून एक इलेक्ट्रॉन सोडले, तर पलीकडच्या पडद्यावर हळूहळू लाटांसारखे पट्टे उमटतात. इलेक्ट्रॉन कुठल्या फटीतून गेला हे टिपणारी व्यवस्था बसवली की पट्टे नाहीसे होतात. शिबिरात यावरून थेट उडी मारतात: पाहिल्याने वास्तव बदललं, म्हणून तुम्ही जे पाहाल ते घडेल.

उडीत दोन ठिकाणी पाय घसरतो. पहिलं, या प्रयोगात 'पाहणं' हे मनाचं काम नाही. इलेक्ट्रॉन कुठून गेला याची खूण कुठेतरी उमटली पाहिजे, एखाद्या प्रकाशकणावर, वाटेतल्या हवेच्या रेणूवर, यंत्राच्या सर्किटमध्ये. खूण उमटली की पट्टे गेले. प्रयोगशाळेला कुलूप लावून सगळे जेवायला गेले तरी गेलेच. तुमच्या स्पेक्ट्रोचा नमुना बघा, ठिणगी पडलेल्या जागी जळाल्याचा डाग राहतो. इतक्या लहान जगात मोजणं म्हणजे वस्तूला हात लावणंच.

दुसरं जास्त महत्त्वाचं आहे, आणि याचं उत्तर मी तरी आजवर एकाही शिबिरवाल्याकडून ऐकलेलं नाही. मोजमाप होतं तेव्हा अनेक शक्यतांतून एकच का उरते, याचा अर्थ काय लावायचा, यावर भौतिकीत आजही मतभेद आहेत. १९६१ मध्ये युजीन विग्नर यांच्यासारख्या मोठ्या माणसाने त्यात जाणिवेचा हात असावा असं मांडलंही होतं, पुढे ते स्वतःच त्या मतापासून दूर गेले. पण समजा दादांसाठी तेही मान्य केलं. तरी काय हातात येतं? मॅक्स बॉर्न यांनी १९२६ मध्ये दाखवलेला नियम सगळ्या पक्षांना मान्य आहे: क्वांटमचं समीकरण फक्त शक्यतेचं माप देतं. ६० टक्के इकडे, ४० टक्के तिकडे. पाहणारा संत असो की सावकार, ते ६०-४० हलत नाही. कोणता निकाल लागावा हे निवडायची सोय पाहणाऱ्याला क्वांटमने दिलेलीच नाही. मनासारखं घडवण्यासाठी याहून कुचकामी सिद्धांत सापडणं कठीण. सगळ्या भौतिकशास्त्रातून त्यांनी नेमका हाच उचलला!

आणि हे सगळं चालतं ते फार बारीक वस्तूंच्या बाबतीत. १९२४ मध्ये लुई द ब्रॉय यांनी सांगितलं की प्रत्येक पदार्थाला तरंग आहे, वस्तू जड आणि वेगवान तेवढा तरंग आखूड. शिबिरात हे सांगून म्हणतात, बघा, तुम्हीही तरंग आहात. आहात की. खासबाग मैदानात १०० किलोचा पैलवान सेकंदाला एक मीटरच्या चालीने येतोय असं धरा आणि हिशेब करा. त्याच्या तरंगाची लांबी मीटरमध्ये लिहायची तर दशांश चिन्हानंतर ३५ शून्यं आणि मग ६६. प्रोटॉन त्याच्या तुलनेत अगडबंब ठरतो. त्या तरंगाच्या जोरावर कुणी कुस्ती मारलेली नाही. १९९९ मध्ये व्हिएन्नात ६० कार्बन अणूंच्या रेणूचे असे पट्टे मिळवले, तर त्यासाठी आधी हवा काढून घ्यावी लागली, कारण हवेचे रेणू आदळले तरी तरंगाचा मेळ मोडतो. आपलं शरीर उबदार, ओलं, क्षणाक्षणाला अब्जावधी धडका खाणारं. तिथे असा मेळ टिकवून साखर खाली आणायची म्हणजे फारच झालं.

'एकमेकांत गुंतलेले कण', म्हणजे लांब नेले तरी ज्यांची मोजमापं एकमेकांशी जुळतात असे कण, हेही तुमच्या पत्रात नसलं तरी घरात ऐकू आलं असेल. ते खरं आहे, २०२२ चं नोबेल अस्पे, क्लाउझर आणि झायलिंगर यांना त्यावरच्या प्रयोगांसाठीच मिळालं. पण त्यातून निरोप पाठवता येत नाही, आशीर्वादही नाही आणि बरं करण्याची लहरही नाही. परदेशातल्या लेकराची आईला काळजी वाटते त्याला वेगळं कारण पुरतं, ती आई आहे.

आता श्रॉडिंजर, क्वांटमचं समीकरण मांडणारे. इथे मला स्वतःचा एक गुन्हा कबूल करायचा आहे. नोकरीतल्या सुरुवातीच्या वर्षांत एका गणेशोत्सव मंडळात माझं व्याख्यान होतं. 'उपनिषदांनी जे सांगितलं तेच क्वांटमने सिद्ध केलं' असं मी ठोकून दिलं. टाळ्या अशा पडल्या की मी आणखी दहा मिनिटं बोललो. खाली उतरल्यावर अकरावीतला एक पोरगा जवळ आला आणि म्हणाला, "सर, मग हायड्रोजनच्या रेषा कुठल्या श्लोकावरून काढायच्या?" टिंगल नव्हती, त्याला खरंच काढायच्या होत्या. मी नारळ आणि शाल घेऊन घरी आलो. ती शाल अजून कपाटात आहे, वापरवत नाही.

त्या पोराचं उत्तर मी आता असं देतो. श्रॉडिंजर वेदान्त मनापासून वाचत होते, ही गोष्ट खरी. त्यांना विश्वाच्या एकत्वाबद्दल जे वाटत होतं त्याला तिथे आधार सापडला. पण १९२६ चं त्यांचं समीकरण आलं ते द ब्रॉय यांच्या तरंगांना गणिताची शिस्त लावताना. त्यांचं मांजरही शिबिरात उलटं टांगतात. जिवंत आणि मेलेलं एकाच वेळी असलेलं ते मांजर त्यांनी १९३५ मध्ये मांडलं ते 'बघा किती हास्यास्पद निष्कर्ष निघतो' हे दाखवायला. आणि तेच क्वांटम उभं करणारे डिरॅक ठार नास्तिक होते. पुढचं उदाहरण मला फार आवडतं. निसर्गातली दोन बलं मुळात एकच आहेत, हा सिद्धांत अब्दुस सलाम आणि स्टीव्हन वाईनबर्ग यांनी स्वतंत्रपणे मांडला आणि १९७९ चं नोबेल ग्लॅशो यांच्यासह त्यांनाच मिळालं. सलाम श्रद्धाळू मुसलमान होते, वाईनबर्ग देव न मानणारे. सिद्धांत तोच निघाला. म्हणजे त्या सिद्धांताने सलामांचा देव सिद्ध केला नाही आणि वाईनबर्गांचा नास्तिकपणाही नाही. जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत नटराजाची मूर्ती आहे, तिचा फोटो दादांच्या मोबाइलमध्ये असेलच. २००४ मध्ये भारत सरकारने दिलेली ती भेट आहे. सुंदर आहे. पाहुणचाराची खूण म्हणून ती तिथे आहे, प्रयोगाचा निष्कर्ष म्हणून नाही.

एवढं सगळं दादांना एका बैठकीत ऐकवलं तर तुम्ही जिंकाल आणि ते पुढच्या पायरीचे पैसे भरून येतील. म्हणून स्पेक्ट्रोचा प्रश्न विचारा आणि थांबा. ध्यानाबद्दल एकही वाकडा शब्द नको. पहाटे उठून शांत बसल्याने त्यांची चिडचिड कमी झाली असेल तर ती कमाई त्यांची आहे. तानपुरा लागला की मन निवतं, त्यासाठी अल्लादियाखाँसाहेबांच्या या गावात कुणी कधी क्वांटमचा दाखला मागितला नाही. शिबिरात त्यांना आणखी एक गोष्ट मिळाली असावी, बाबांबद्दल कुणीतरी विचारलं. वाईट उत्तर दिलं, पण विचारलं. घरात कुणी विचारलं होतं का ताई? एका संध्याकाळी तुम्ही दोघंच फौंड्रीत जाऊन बसा, बाबांच्या खुर्चीजवळ. विज्ञानाचं नावही काढू नका. आणि वहिनींना वकील करू नका, त्या दोन्हीकडून मार खातायत.

दादा फारच ठाम असले, तर त्यांना प्रयोगाचं आव्हान द्या, उद्योजकाला ते रुचतं. जयंत नारळीकर आपल्या कोल्हापूरचे, जन्म इथला, १९३८ चा. त्यांनी २००८ मध्ये ज्योतिषाची चाचणी घेतली होती. हुशार मुलांच्या १०० आणि मतिमंद मुलांच्या १०० पत्रिका, सगळ्यांवर फक्त सांकेतिक क्रमांक. ज्योतिषांना प्रत्येकी ४० पत्रिका देऊन विचारलं, कोणती कुणाची ओळखा. २७ जणांची उत्तरं आली, सरासरी ४६ टक्के बरोबर. नाणं उडवलं असतं तर ५० च्या आसपास आलीच असती. यात कुणाला शिवी नाही, कुणाच्या श्रद्धेवर भाषण नाही, फक्त आधी ठरवून घेतलेली मोजणी.

दादांनीही तसंच करावं. पुढच्या ४० हीट्स घ्या. प्रत्येक हीटच्या आधी केबिनमध्ये नाणं उडवायचं. छापा पडला तर पाच मिनिटं डोळे मिटून निर्दोष कास्टिंग बघायचं, काटा पडला तर नाही. कोणत्या हीटला काय केलं ते वहीत लिहून वही कुलपात. रिजेक्शन मोजणाऱ्या माणसाला यातलं काही सांगायचं नाही. शेवटी दोन्ही रकाने समोरासमोर ठेवायचे. निकाल काय लागेल याबद्दल मी पैज लावायला तयार आहे, पण माझं ऐकू नका, वहीचं ऐका. अट एकच, आईच्या गोळ्या या प्रयोगात नाहीत. रिजेक्ट कास्टिंग पुन्हा वितळवता येतं.

सव्वा लाखाचं थोडक्यात. पैसे दादांचे आहेत, तुम्ही अडवू शकत नाही. पण हप्त्याचं कर्ज बहुतेक वेळा शिबिरवाल्यांचं नसतं, तिसऱ्याच कंपनीचं असतं, आणि शिबिर मध्येच सोडलं तरी ते फिटेपर्यंत मागे लागतं. बँकेत आहात, हे तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं समजावाल. पावती, जीएसटी क्रमांक, पैसे परत मिळण्याच्या अटी लेखी मागा. टाळाटाळ झाली तर ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे. पत्रकात किंवा व्हिडिओत मधुमेह बरा करण्याचा दावा असेल तर तेवढं जपून ठेवा. १९५४ च्या औषधे व जादूटोण्याचे उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविरुद्धच्या कायद्यात मधुमेहाचं नाव यादीत आहे.

राहिल्या आई. त्यांचा आनंद मला समजतो. आयुष्यभर ज्यावर लोक हसले असतील, त्यावर कुणीतरी सुटाबुटातला माणूस म्हणाला, बरोबर आहे तुमचं. पण आईंच्या अंबाबाईला प्लांकच्या सहीची गरज कधी होती? विज्ञानातले सिद्धांत दुरुस्त होतात, कधी बदलतात, त्यांचा तो स्वभावच आहे. श्रद्धेची दोरी तिथे नेऊन बांधली तर उद्या सिद्धांत हलला की दोरीही हलणार.

त्यांच्याशी किरणोत्सवाबद्दल बोला. ९, १०, ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी, १, २ फेब्रुवारी. मावळतीचे किरण अंबाबाईच्या देवळाच्या महाद्वारातून आत येतात, पहिल्या दिवशी देवीच्या पायांशी, मग वर, मग मुखापर्यंत. वर्षातून दोनदाच का? २१-२२ डिसेंबरला सूर्य सगळ्यात दक्षिणेला मावळतो. त्याच्या साधारण ४१ दिवस आधी आणि ४१ दिवस नंतर तो क्षितिजावरच्या त्याच जागी येतो. मोजून बघा, नोव्हेंबरची १० तारीख आणि जानेवारीची ३१. देऊळ उभारणाऱ्यांनी आकाश वर्षानुवर्षं निरखलं असणार. तिथे भक्ती आहे आणि भूमितीही आहे, आणि दोघींनी एकमेकींची फसवणूक केलेली नाही. (गंमत म्हणून सांगतो, सूर्याच्या गाभ्यात प्रोटॉन एकत्र येऊन ऊर्जा निघते ती क्वांटमच्या नियमांमुळेच, आणि पृष्ठभागावरून निघालेला किरण आठ मिनिटं वीस सेकंदांनी आपल्यापर्यंत येतो. तेव्हा किरणोत्सवात क्वांटम आहे, पण ते सूर्यात आहे.)

आणि आईंनी हेही पाहिलं असेल. कधी ऐन वेळी ढग येतो, कधी हवेत दमट धूर असतो, कधी वाटेत कुणाची इमारत. किरण कमरेशीच थांबतात. हजारो माणसं हात जोडून एकाच गोष्टीकडे डोळे लावून उभी असतात, सगळ्यांच्या मनात एकच इच्छा, आणि तरी किरण वर चढत नाहीत. पाहणाऱ्यांच्या मनाने प्रकाश वळत असता तर तो तिथे वळला असता. पण त्या गर्दीत कुणी शेजाऱ्याला म्हणत नाही की तुमची फ्रिक्वेन्सी कमी पडली. 'उद्या बघू' म्हणतात, नमस्कार करतात, घरी जातात. आईंची श्रद्धा ही अशी आहे, ढग सोसणारी. ती दादांच्या नव्या भाषेपेक्षा कितीतरी भक्कम आहे, हे त्यांना तुमच्या तोंडून कळू दे.

दसरा होऊन गेलाय, ९ नोव्हेंबरला फार दिवस नाहीत. डॉक्टरांनी हिंडाफिरायला हरकत नाही म्हटलं तर तिघं मिळून जा. गर्दी असते, साडेचारलाच पोहोचा. आईंना फार वेळ उभं राहू देऊ नका, पिशवीत पाण्याची बाटली, थोडा खाऊ आणि डॉक्टरांनी लिहून दिलेल्या गोळ्या असू द्या. दादांना आईंच्या शेजारी उभं करा आणि तेवढा वेळ तुम्हीही हा विषय काढू नका. फेब्रुवारीत आईंचा एचबीएवनसी पुन्हा करावा लागेल, तो आकडा मला कळवा. दादांच्या वहीतले दोन रकानेही, त्यांची हरकत नसेल तर.